चौदा हजार की एक्क्याऐंशी हजार?

सोलापूरहून एका वाचकांचं पत्र आलं आहे. वय 41, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना, घरात आई, पत्नी आणि नववीतली मुलगी. पुण्यात नोकरीला असताना एकदा सिग्नलला शेजारी ऑडी टीटी ही दोन दारांची स्पोर्ट्स कार येऊन थांबली, ती डोक्यातून गेलीच नाही, असं ते लिहितात. आता कारखान्याचं कर्ज फिटलंय, मुलीच्या शिक्षणाचे पैसे बाजूला काढून झालेत आणि तीस लाखांपर्यंत खर्च करायची तयारी आहे. नवी टीटी आता मिळत नाही, म्हणून जुनी बघतायत.

समोर दोन गाड्या आहेत. दोन्ही 2016 च्या, इंजिन-गिअरबॉक्स एकच. पहिली मुंबईची: 14,200 किलोमीटर चाललेली, सध्या दुसऱ्या मालकाची, विक्रीसाठी डीलरकडे उभी, किंमत 27 लाख. दुसरी पुण्याची: 81,000 किलोमीटर, एकच मालक, तेच थेट विकतायत, सर्व्हिसची फाईल पहिल्या दिवसापासूनची, किंमत 20 लाख. हे मालक महिन्यातून एकदा कोल्हापूरला गावी जातात, ते याच गाडीने.

"मित्र म्हणतात, चौदा हजार म्हणजे काल शोरूममधून निघालेली गाडी, डोळे झाकून घे. मेहुणे म्हणतात, ऐंशी हजार झालेली स्पोर्ट्स कार म्हणजे उसाचं चिपाड, रस कुणीतरी आधीच पिऊन गेलाय. बायकोचं वेगळंच, म्हणते असल्या गाडीत आई कुठं बसणार? सात लाख जास्त गेले तरी चालतील, पण मनात पाल चुकचुकतेय. काय करू?"

नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल होती. 'चौदा हजार' हा आकडा त्यात अकरा वेळा आलाय. त्या गाडीचं ऑइल शेवटचं कधी बदललं, हे मात्र एकदाही आलेलं नाही. पाल तिथंच चुकचुकतेय.

जुन्या गाड्यांच्या बाजारात एक मंत्र आहे: कमी रनिंग, सिंगल हँड, डॉक्टरची गाडी. (देशातले सगळे डॉक्टर दवाखान्यात चालतच जात असावेत.) हा मंत्र कानावर पडला की आपण रनिंगचा आकडा हेच गाडीचं वय धरून चालतो. तुम्हीही तेच धरलंय. पण आरसी बुकावर दोन्ही गाड्यांचं वय सारखंच आहे. दोन्हींची पंधरा वर्षं 2031 मध्येच भरणार, दोन्हींना तेव्हा आरटीओत नेऊन फिटनेस करून घ्यावा लागणार आणि पर्यावरण कर भरावा लागणार. तिथला साहेब मीटर बघून सूट देत नाही.

जरा भागाकार करून बघू. गाड्या साधारण दहा वर्षांच्या धरल्या तर पुण्याची गाडी वर्षाला 8,100 किलोमीटर चालली. गाडी ठणठणीत ठेवायला एवढं चालवणं बरंच म्हणायचं. मुंबईची वर्षाला 1,420, म्हणजे महिन्याला 118. आठवड्याला तीसही नाहीत. आता हे तीस किलोमीटर कसे झाले असतील ते डोळ्यांसमोर आणा. बिल्डिंगच्या तळमजल्यावरून निघायचं, दोन-अडीच किलोमीटरवरच्या हॉटेलात जायचं, सिग्नलला थांबत थांबत परत यायचं. इंजिन ऑइल नीट तापायलासुद्धा तेवढा वेळ पुरत नाही. थंड इंजिनात पाण्याची वाफ जमते, न जळलेलं थोडं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. लांबची फेरी झाली तर उष्णतेने हे दोन्ही उडून जातं. दोन किलोमीटरच्या फेरीत ते तिथंच राहतं. अशा गाडीचं ऑइल हजार किलोमीटरलाही खराब होऊ शकतं आणि मीटरकडे बघून मालक म्हणतो, अजून कुठं दहा हजार झालेत!

हे तुम्हाला कळायला माझी गरज नाही खरं तर. तुम्ही जुना माग घेताना काय बघता? किती मीटर कापड निघालं हा प्रश्न तुम्ही शेवटी विचारता. आधी विचारता की माग चालू आहे की बंद, बंद असेल तर कधीपासून, आणि जॉबर, म्हणजे मागाची देखभाल करणारा, कोण होता. रोज दोन पाळ्या चाललेला, वेळेवर तेलपाणी झालेला माग तुम्ही निर्धास्त उचलाल. दोन वर्षं शेडमध्ये प्लास्टिकखाली झाकून ठेवलेला माग 'जवळजवळ नवा आहे ओ' म्हणून कुणी जास्त पैसे मागितले, तर त्याला चहा पाजून वाटेला लावाल. मग गाडीच्या बाबतीत हे शहाणपण कुठं गेलं?

माझे वडील मुरारजी पेठेत राहायचे तेव्हा दारात फियाट असायची. काम नसलं तरी दर रविवारी संध्याकाळी ते ती कंबर तलावापर्यंत नेऊन आणायचे. आई चिडायची, पेट्रोल काय फुकट येतं का म्हणून. वडील म्हणायचे, गाडीलाही पाय मोकळे करू द्यावेत. ती गाडी एकदाही धक्का मारून सुरू करावी लागली नाही. शेजारच्यांची त्याच वर्षाची फियाट कव्हरखाली चकचकीत असायची आणि लग्नाच्या मोसमात आम्ही सगळी पोरं ती ढकलायला जायचो.

आता मुंबईच्या गाडीच्या टायरपाशी उकिडवे बसा. टायरच्या बाजूला 'डीओटी' या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते, तिच्या शेवटी चार आकडे असतात. 2216 असतील तर टायर 2016 च्या बाविसाव्या आठवड्यात तयार झालाय. चार आकडे बाहेरच्या बाजूला दिसले नाहीत तर आतल्या बाजूला मोबाईलचा टॉर्च मारून बघा. गाडीवर कंपनीतून आलेलेच टायर असतील तर त्यांची नक्षी खोल, काठ टोकदार, दिसायला अगदी झकास असेल. आणि ते टाकाऊ असतील. रबर वयाने कडक होतं. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासा आणि दहाव्या वर्षी नक्षी कितीही शिल्लक असो, काढून टाका, असं टायर कंपन्याच सांगतात. मे महिन्यात दुपारी मोहोळच्या पुढं रस्ता तव्यासारखा तापलेला असतो. तिथं शंभरच्या वेगात दहा वर्षांच्या टायरवर बसायचं धाडस मी करणार नाही, तुम्हीही करू नका.

समजा टायर नवे निघाले. तर लगेच खूश होऊ नका. चौदा हजारांत टायर झिजत नाहीत. मग बदलले का? मालक जाणकार असेल आणि वय बघून बदलले असतील तर त्याचं बिल असेल. बिल नसेल, तर मीटरच खोटं बोलतंय का ही शंका घ्यायला जागा आहे.

कारण मीटर खोटं बोलतात. काटे-चाकांचे जुने मीटर मागे फिरवायला पेचकस लागायचा, डिजिटल मीटरला लॅपटॉप लागतो, एवढाच फरक. याचा चटका मी स्वतः खाल्लाय. 2014 मध्ये एक छोटी हॅचबॅक घेतली, मीटरवर 22,000. आतून गुळगुळीत, सीट कव्हर नवी, डॅशबोर्डला पॉलिश. डीलरने हार घालून चावी दिली. दोन महिन्यांनी गाडी धुताना ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीत, खाली अगदी कोपऱ्यात, अर्धवट सोललेला स्टिकर सापडला. वरचं नाव फाटलं होतं, खालचा आकडा मात्र शाबूत होता: पुढची सर्व्हिस 65,000. मी तिथंच बादलीवर बसले. डीलरने नंतर फोन उचलला नाही, ते वेगळं सांगायला नको.

म्हणून मीटर सोडून बाकी सगळं बघा. ब्रेकच्या पेडलचं रबर, स्टिअरिंगवर हात जिथं टेकतो तिथलं चामडं, आणि ड्रायव्हर सीटची उजवी कड. टीटी जमिनीलगत बसणारी गाडी आहे, चढता-उतरताना प्रत्येक वेळी त्या कडेवर अंग घासतं. चौदा हजारांच्या गाडीत ती कड जवळपास नव्यासारखी हवी. चासिस नंबर देऊन, मालकाच्या संमतीने, अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून जुन्या नोंदी काढून घ्या. प्रत्येक भेटीची तारीख आणि मीटरचा आकडा तिथं असतो. दुसरी सोपी गोष्ट म्हणजे फास्टॅगचं स्टेटमेंट. पुण्याचे मालक खरं बोलत असतील तर महिन्यातून एकदा जाताना आणि एकदा येताना खेड शिवापूर, आणेवाडी, तासवडे, किणी ही चार नावं ओळीने दिसतील. ती दिसली की 81,000 मधले बरेचसे किलोमीटर कुठले, याचा लेखी पुरावाच तुमच्या हातात आला. हायवेवर एका वेगात धावलेले पन्नास हजार किलोमीटर गावातल्या पंधरा-वीस हजारांपेक्षा गाडीला कमी त्रास देतात, असं माझं मत आहे. क्लच कमी वेळा लागतो, ब्रेक कमी लागतात, इंजिन थंड सुरू होण्याची वेळ कमी येते.

मेहुण्यांच्या चिपाडाकडे येते. त्यांचं अगदीच चूक नाही. ऐंशी हजारांत काही भाग खरोखर झिजतात: शॉकअप, सस्पेन्शनचे बुश, इंजिनचे माउंटिंग, व्हील बेअरिंग, ब्रेकच्या डिस्क. पण ही झीज दिसते, ऐकू येते, हाताला लागते. लिफ्टवर गाडी चढवली की चांगला मिस्त्री अर्ध्या तासात यादी काढून देईल आणि तुम्ही त्या यादीवर भाव पाडू शकाल. उभ्या गाडीचं दुखणं असं समोर येत नाही. गाडी घरी आणल्यावर, वापर सुरू झाल्यावर एकेक बाहेर पडतं. वाळलेलं ऑइल सील चार गरम-थंड फेऱ्यांनंतर पाझरायला लागतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल पितं, म्हणूनच ते दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, गाडी उभी असली तरी. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉलही पाणी ओढतं. असं पेट्रोल टाकीत महिनोन्‌महिने पडून राहणं कुठल्याच इंजिनला मानवत नाही, 2016 च्या गाडीला तर नाहीच. आणि उंदीर! तळमजल्याच्या पार्किंगमध्ये न हलणारी गाडी म्हणजे उंदरांना आयतं घर. वायरिंगची एक लड कुरतडली तर बिल ऐकून तुम्हाला वाटेल नवं इंजिनच बसवतायत.

गिअरबॉक्सचं मुद्दाम वेगळं सांगते, कारण टीटीमध्ये खिशाला सगळ्यात जड जाणारा भाग तोच. आपल्याकडे 2015 पासून आलेल्या या पिढीत सहा गिअरचा, तेलात बुडालेल्या दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. त्याचं तेल आणि फिल्टर साधारण 60,000 किलोमीटरला बदलायचे असतात. मागच्या चाकांना ताकद पोहोचवणाऱ्या क्लचचं तेल निराळं, ते साधारण तीन वर्षांनी. आता गंमत बघा. पुण्याच्या गाडीत हे काम एकदा होऊन गेलेलं असायला हवं, फाईलमध्ये त्याचं बिल शोधा. बिल असेल तर त्या माणसाने गाडी मनापासून सांभाळलीय, कारण या खर्चाला बहुतेक लोक टांग मारतात. नसेल तर लाखभर रुपये कमी करायला सांगा आणि टेस्ट ड्राइव्हला दुप्पट वेळ घ्या. मुंबईच्या गाडीत मीटर साठ हजारांच्या जवळपासही नाही, त्यामुळे दहा वर्षांत ते तेल कुणी बघितलंसुद्धा नसेल. सर्व्हिसच्या पुस्तकात बहुतेक कामांपुढे किलोमीटर आणि वर्षं दोन्ही लिहिलेली असतात, जे आधी होईल ते धरायचं असतं. कमी चालणाऱ्या गाडीचे मालक त्यातला किलोमीटरचाच रकाना वाचतात.

एक दुखणं दोन्ही गाड्यांना सारखं असू शकतं. या इंजिनात वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट एका प्लास्टिकच्या डब्यात बसवलेले असतात, आणि तो डबा वयाने, उष्णतेने पाझरतो. हे या इंजिनाचं ठाऊक असलेलं दुखणं आहे. सोलापुरात एप्रिल-मे मध्ये पारा 43 च्या वर जातो, तेव्हा कूलंट किंचित कमी होणंही आपल्याला परवडत नाही. पुण्याच्या फाईलमध्ये हा पंप बदलल्याची नोंद सापडली तर मी सुटकेचा निःश्वास टाकेन. त्यातल्या त्यात दिलासा असा की याच कुळातली इंजिनं स्कोडाच्या ऑक्टाव्हिया आणि सुपर्बमध्येही होती, त्यामुळे इंजिनाचं काम जाणणारे मिस्त्री आणि भाग मिळतात. बॉडीच्या भागांचं तसं नाही. टीटीचं उत्पादन हंगेरीतल्या ग्योर इथल्या कारखान्यात नोव्हेंबर 2023 मध्ये कायमचं थांबलं, आणि आपल्याकडे मुळातच कमी गाड्या आल्या. पुढचा बंपर किंवा हेडलाइट फुटला तर बाहेरून येईपर्यंत गाडी उभी राहील. दोन्ही गाड्यांच्या पत्र्यावर रंगाची जाडी मोजणारं यंत्र फिरवून, आधी कुठं ठोकून पुन्हा रंगवलीय का, हे बघा ते यासाठीच.

मुंबईच्या गाडीला आणखी एक चाचणी: पाणी. 29 ऑगस्ट 2017 ला मुंबई तुंबली तेव्हा ही गाडी जेमतेम वर्षाची होती, आणि त्यानंतरही असे पावसाळे येऊन गेलेत. सीट बेल्ट हळूहळू पूर्ण बाहेर ओढा, अगदी शेवटपर्यंत. वरचा भाग सगळे पुसतात, गुंडाळलेल्या भागात चिखलाची फिकट रेघ तशीच राहते. डिकीतलं कार्पेट उचला, खालच्या खोलगट भागात गंज किंवा वाळू दिसली की नमस्कार करून निघा.

आता पैसे. तुम्ही म्हणता सात लाख जास्त गेले तरी चालतील. चालतील हो, पण ते सात लाख तुम्ही कशासाठी देताय? मीटरवर न झालेल्या 67,000 किलोमीटरसाठी. आणि घेतल्यावर तुम्ही काय करणार? पत्रात लिहिलंय, दर रविवारी पहाटे तुळजापूरला जाऊन यायचं, महिन्यातून एकदा पुणे. तुळजापूरची फेरी नव्वद किलोमीटरची, पुण्याची पाचशेची. वर्षाला दहा हजार झालेच. म्हणजे तीन वर्षांत मुंबईच्या गाडीवर 44,000 चढतील, गाडी तेरा वर्षांची होईल, आणि 'कमी रनिंग' म्हणून मोजलेले सात लाख तुळजापूरच्या घाटात विरघळलेले असतील. पुढच्या गिऱ्हाइकाला तुम्ही ती कमी चाललेली म्हणून विकू शकणार नाही. न चालवता ठेवली तरच तो आकडा टिकेल, आणि मग घेतलीच कशाला?

कमी रनिंगला जास्त पैसे मोजणं शहाणपणाचं ठरतं, अशा गाड्या आहेत. मोजक्याच निघालेल्या, संग्रहात ठेवायच्या, ज्यांची किंमत त्या आकड्यावरच उभी असते अशा. तिथं मालक वातानुकूलित गॅरेज बांधतात, दर वर्षी गाडी न चालवताही सगळी तेलं बदलतात. टीटी सुंदर गाडी आहे, मला स्वतःला तिचा मागचा गोलवा फार आवडतो, पण आपल्या बाजारात ती अजून त्या पंगतीत बसलेली नाही. आणि तुम्हालाही ती काचेच्या कपाटात ठेवायची नाहीये.

तेव्हा माझं मत पुण्याच्या गाडीकडे झुकतं. सरळ सांगते: वीस लाख मागतायत, तपासणीची यादी समोर ठेवून अठरा-एकोणीसपर्यंत आणायचा प्रयत्न करा, आणि चार लाख वेगळ्या खात्यात टाका, ते गाडीचेच समजा. पहिल्या महिन्यात सगळी तेलं, कूलंट, बॅटरी, लागतील ते बुश आणि शॉकअप, आणि टायर. चांगल्या कंपनीचे चार टायरच लाखाच्या घरात जाऊ शकतात. एवढं करूनही मुंबईच्या गाडीपेक्षा तीन ते पाच लाख हातात राहतात. मुंबईची घेतलीत तरी हीच यादी, शॉकअप सोडून, जवळपास तशीच करावी लागणार आहे, आणि तेव्हा खात्यात फक्त तीन लाख असतील.

मुंबईची गाडी बादच करा असं मात्र मी म्हणत नाही. डीलरला एकच फोन करा आणि मीटरबद्दल अवाक्षर न काढता दर वर्षीची बिलं मागा. किलोमीटर कमी असले तरी दरवर्षी ऑइल, दोन वर्षांनी ब्रेक ऑइल, मध्ये कधीतरी टायर, बॅटरी बदलल्याची बिलं निघाली, तर ती गाडी जाणत्या माणसाने सांभाळलीय. मग चोवीस-साडेचोवीसला ती वाईट नाही. "साहेब, गाडी चाललीच नाही तर सर्व्हिस कशाला करतील?" असं उत्तर आलं, तर तुमचा मुंबईचा फेरा वाचला. मला हे उत्तर आजवर किती डीलरांनी दिलंय, मोजलं नाही.

पुण्याला जायचं ते आदल्या रात्री सांगून ठेवून: सकाळी मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर आधी बोनेटवर तळहात ठेवा. कोमट लागलं तर कुणीतरी गाडी आधीच तापवून ठेवलीय. मग चहा घ्या, गप्पा मारा, दुपारी परत या. थंड इंजिन सुरू होतानाचे पहिले पाच-सात सेकंद कान देऊन ऐका, इंजिनातल्या साखळीचा खडखडाट नको. मागून निळा धूर नको. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गर्दीत हळूहळू चालवा, गाडी दचकत किंवा थरथरत पुढं जाता कामा नये. चढावर थांबवून रिव्हर्स टाकून बघा. नंतर एखाद्या खराब रस्त्याने न्या, रेडिओ बंद, काचा वर. आणि हे सगळं झाल्यावर, आवडली असली तरी, अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये किंवा या गाड्यांचं काम करणाऱ्या स्वतंत्र गॅरेजमध्ये पैसे देऊन तपासून घ्या. मालकाने तपासणीला का-कू केली तर फाईल कितीही जाड असो, गाडी सोडा.

कागदांचं थोडक्यात. गाडी नावावर करायला फॉर्म 29 आणि 30, गाडीवर कर्ज असेल तर त्याची नोंद काढायला बँकेचं पत्र आणि फॉर्म 35. दोन्ही गाड्या महाराष्ट्रातल्याच असल्याने नंबर तोच राहील, एमएच-13 मिळणार नाही. विमा स्वतःच्या नावावर करताना मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दलची हप्त्यातली सूट) तुम्हाला मिळत नाही, तो त्यांच्यासोबत जातो. हप्ता मोजताना हे धरा.

सोलापूरचं म्हणून दोन गोष्टी. तुमच्या गल्लीपासून हायवेपर्यंतच्या रस्त्यावरून एकदा घरच्या मोठ्या गाडीने जा आणि स्पीडब्रेकर मोजा. टीटीचं पोट जमिनीच्या फार जवळ आहे, एखाददुसरा ब्रेकर तिरका घेऊनच पार करावा लागेल, आणि सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत तर ती घरीच राहू दे. दुसरं म्हणजे, गाडी कारखान्याच्या शेडमध्ये लावायचा मोह टाळा. तिथला उडता कापूस रेडिएटरच्या आणि एसीच्या जाळीत बसतो आणि मे महिन्यात त्याचा हिशोब चुकता होतो. मोठं काही निघालं तर गाडी पुण्याला फ्लॅटबेडवर जाणार, अडीचशे किलोमीटर. रोडसाइड असिस्टन्स घेताना ते किती अंतरापर्यंत नेतात हे आधी वाचा.

आता ज्याचं तुम्ही एका ओळीत उरकलंय, ते. "ऐंशी हजार चाललेली गाडी आणली म्हणून लोक काय म्हणतील" असं पत्राच्या शेवटी हळूच लिहिलंय तुम्ही. म्हणतील हो. सोलापुरात गाडी दारात लागली की पहिला प्रश्न 'किती चाललीय?' आणि दुसरा 'केवढ्याला पडली?' असाच असतो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही तसंही खरं देणार नाही आहात, मग पहिल्याचं एवढं ओझं का? सात लाख रुपये मेहुण्यांना गप्प करण्यासाठी मोजत असाल, तर ते त्याहून स्वस्तात गप्प होतील. एकदा शेजारी बसवून हायवेला न्या.

राहिला तुमच्या पत्नीचा प्रश्न, तो सगळ्यांत नेमका आहे. टीटीला मागे दोन सीट आहेत, पण त्या नावापुरत्या. मोठ्या माणसाचं डोकं काचेला लागतं. आईंना मागे बसवू नका, त्यांना तिथून बाहेरच काढता येणार नाही. पुढची सीटही खोल आहे, गुडघे दुखत असतील तर उतरताना हात द्यावा लागेल. पुण्याला गाडी बघायला जाताना त्यांना सोबत न्या. त्यांच्याने बसणं-उठणं जमलं तर पहिल्या रविवारी तुळजापूरला त्यांनाच पुढे बसवा, मुलगी मागे आडवी-तिडवी बसेल. जमलं नाही, तर घरची सात आसनी गाडी विकायचा विचार मनात असेल तो आत्ताच काढून टाका, आणि तिच्या खर्चासकट पुन्हा एकदा हिशोब मांडून बघा.